ऋतुचक्राची कैफियत

श्रावण सरत आला की पेण तालुक्यातील गणपतींच्या कारखान्यांत आखणीचे काम रात्रंदिवस चालू होते, रामवाडीच्या एस.टी. आगारात सणाच्या जादा गाड्यांची तजवीज होऊ लागते, आणि त्याच सुमारास, येथेच नव्हे तर सबंध कोकणात, औषधांच्या दुकानांतून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून नेल्या जातात. गौरी-गणपतीच्या घरात 'अडचण' नको, नैवेद्याचा स्वयंपाक करणारी बाई ऐन वेळी बाहेर बसायला नको, एवढाच त्यामागचा विचार असतो. नॉरएथिस्टेरॉन नावाचे हे औषध अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून, बहुधा दिवसातून तीन वेळा घ्यावयाचे असते, आणि ते थांबविल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी स्त्रीने वैद्यकीय सल्ल्याने थोडे दिवस ते घेतले तर सहसा काही बिघडत नाही. मात्र जिच्या रक्तवाहिन्यांत पूर्वी गुठळी झाली आहे, जिचे यकृत विकारग्रस्त आहे, किंवा जिला नकळत दिवस गेलेले आहेत, तिने ते घेऊ नये. या सर्व व्यवहाराचे एक गृहीत असे की, आपली तारीख कोणती हे त्या स्त्रीला ठाऊक आहे. जिची पाळी एकदा चाळीस दिवसांनी, एकदा सत्तर दिवसांनी आणि एकदा पंधरवड्यातच येते, तिला ते ठाऊक नसते. ती अंदाजाने गोळी घेते, सण पार पडतो, आणि जो प्रश्न डॉक्टरांपुढे मांडावयाचा तो आणखी एक वर्ष मुदतवाढ मिळून घरातच राहतो.

अनियमित पाळी ही शरीराने दाखल केलेली एक कैफियत आहे. ती नीट ऐकून घ्यावी, तिच्यामागचे कारण शोधावे, आणि मगच निवाडा करावा. आपल्याकडे चालत आलेली रीत याच्या नेमकी उलट आहे. प्रथम मौन, मग लग्नानंतर दोन वर्षांत पाळणा हलला नाही की वांझपणाचा ठपका, आणि पुढे मुले झाल्यावरही त्रास चालूच राहिला तर गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला, या तिन्ही पायऱ्यांवर ऐकून घेण्याचे काम तेवढे राहून जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आढावा घेताना माझे लक्ष प्रामुख्याने या राहून गेलेल्या कामाकडे आहे.

पाळी नियमित कशाला म्हणावे, याविषयीच बराच गैरसमज आहे. अठ्ठावीस दिवसांचा हिशेब हा केवळ सोयीचा मध्य आहे; एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत चोवीस ते अडतीस दिवसांचे अंतर, आणि एका चक्रापासून दुसऱ्यात सात ते नऊ दिवसांपर्यंतचा फरक, हे आजचे वैद्यक स्वाभाविकच मानते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येणारी संप्रेरके बीजकोशातील एका बीजाची वाढ घडवितात, ते बीज बाहेर पडते, आणि रिकाम्या झालेल्या कोशातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागून गर्भाशयाचे अस्तर गर्भाच्या स्वागतास सिद्ध होते. गर्भ राहिला नाही तर ते अस्तर गळून पडते, हीच पाळी. १९२०च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की बीज बाहेर पडण्याची घटना पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी घडते, मागच्या पाळीनंतर चौदा दिवसांनी नव्हे. हा भेद बारीक वाटला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत. चाळीस दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीचे बीज साधारण सव्विसाव्या दिवशी बाहेर पडते, आणि 'चौदावा दिवस धरा' हा ऐकीव उपदेश पाळणारे जोडपे महिनोन्‌महिने चुकीच्या दिवसांची वाट पाहत राहते. बीज बाहेर पडल्यावर ते जेमतेम एक दिवस फलनक्षम असते, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात; म्हणून जिच्या तारखांचा भरवसा नाही, तिने पंचांग आणि गणित बाजूस ठेवून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवावा, हा साधा सल्ला कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

प्राचीन आयुर्वेदाने गर्भधारणेला ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज अशा चार गोष्टी अवश्य मानल्या. म्हणजे काळ, गर्भाशय, पोषक रस आणि स्त्रीपुरुषांचे बीज. सोळा वर्षांच्या आतील मुलीच्या गर्भाला धोका असतो, हेही सुश्रुतसंहितेत स्पष्ट सांगितलेले आहे. असे असूनही आपल्या रूढीने न्हाण येण्याच्या घटनेलाच मातृत्वाची परवानगी मानले, मुलीला मखरात बसविले, आणि गर्भाधानाचा मुहूर्त काढला. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हा त्या दोन वर्षांसाठी केवढे वादळ उठले! आगरकर आणि मलबारी एका बाजूस, टिळक दुसऱ्या बाजूस, असा तो सामना महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. त्यापूर्वी पाचच वर्षे, १८८६ साली, डॉ. आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या विद्यालयात हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून पदवी मिळविली होती. नवव्या वर्षी विवाह आणि चौदाव्या वर्षी जन्मलेले मूल दहा दिवसांत दगावणे, हा अनुभव घेऊन त्या या विषयाकडे वळल्या होत्या.

या इतिहासाचा आजच्या विषयाशी संबंध आहे तो असा. न्हाण आल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे बहुतेक मुलींची पाळी निसर्गतःच अनियमित असते, कारण बीज दर महिन्यास बाहेर पडण्याची व्यवस्था अजून स्थिरावलेली नसते. एकवीस ते पंचेचाळीस दिवसांचे अंतर त्या वयात दोषास्पद नाही. अशा अर्धवट सिद्ध झालेल्या शरीराकडून 'अजून कसे काही नाही?' या प्रश्नाचे उत्तर मागणे हा अन्याय आहे. हा अन्याय इतिहासजमा झाला, असे कोणी समजू नये. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २१.९ जणींचा विवाह अठराव्या वर्षाच्या आत झालेला आढळला. पंधरा-सोळाव्या वर्षी नांदावयास गेलेल्या मुलीची लांबलेली पाळी घरात दोन परस्परविरुद्ध अर्थांनी वाचली जाते. लांबली की दिवस राहिल्याची आशा, आणि आली की निराशा.

वय स्थिरावल्यानंतरही पाळी अनियमित राहत असेल, तर तिच्यामागील सर्वांत सामान्य कारण म्हणजे ज्याला आता घरोघरी पीसीओएस अथवा पीसीओडी म्हणतात तो विकार. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेवेन्थल या दोन वैद्यांनी सात स्त्रियांच्या वृत्तान्तावरून त्याचे प्रथम व्यवस्थित वर्णन केले, आणि जननक्षम वयाच्या शंभर स्त्रियांमागे आठ ते तेरा जणींना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बीजकोशात अनेक बीजे वाढू लागतात, परंतु एकही पूर्णत्वास जात नाही. पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढून हनुवटीवर केस, चेहऱ्यावर पुटकुळ्या दिसू लागतात. आणि इन्शुलिनला शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर 'गाठी' हा शब्द वाचून मुली आणि त्यांच्या आया घाबरून जातात, म्हणून मुद्दाम सांगावेसे वाटते की त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत, अर्ध्यावर थांबलेली बीजे आहेत. खरी काळजी दुसरीकडे आहे. वर्षातून चारपेक्षा कमी वेळा पाळी येत असेल तर गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते, आणि अनेक वर्षांनी त्यातून कर्करोगाचा धोका उद्भवू शकतो. म्हणून मूल नको असले तरीही अशा मुलीने तीन-तीन महिने पाळीविना राहू नये, औषधाने ती आणवावी. 'लग्न झाले की आपोआप सुरळीत होईल' हे वाक्य ज्या ज्या घरात उच्चारले जाते, तेथे तेथे उपचाराची उमेदीची वर्षे वाया जातात.

दुसरी कारणे त्या मानाने थोडक्यात सांगता येतील. थायरॉइड ग्रंथी मंदावली की पाळी लांबते किंवा अंगावर जास्त जाते, आणि रक्ताच्या एका साध्या तपासणीने ते कळते. प्रोलॅक्टिन हे दुधाचे संप्रेरक वाढले की मूल नसतानाही स्तनांतून दूध येते व पाळी थांबते. मळमळीवर आणि मनोविकारांवर दिली जाणारी काही औषधेही हेच घडवितात. चाळिशीच्या आतच बीजकोशांनी काम थांबविणे हे दुर्मीळ, परंतु वेळ न दवडता ओळखावयाचे कारण होय. आपल्या देशात विशेषेकरून लक्षात ठेवावयाचे ते क्षयाचे: फुप्फुसाचा कोणताही त्रास न जाणवता क्षय गर्भाशयापर्यंत आणि गर्भनलिकांपर्यंत पोहोचतो, पाळीतील रक्त अगदी थोडे होते, नलिका बंद होतात, आणि स्त्री वर्षानुवर्षे दुसऱ्याच उपचारांच्या मागे धावत राहते.

एक कारण मात्र असे आहे की ज्याविषयी शहरी लेखनात केवळ धावणाऱ्या आणि आहार तोडणाऱ्या तरुणींच्या संदर्भात बोलले जाते. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न अपुरे मिळाले की मेंदूच प्रजननाचे काम स्थगित करतो आणि पाळी लांबते अथवा थांबते. पेण, रोहा, सुधागड या तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर, आगाऊ रक्कम अंगावर घेऊन, वीटभट्ट्यांवर जातात व पुढच्या पावसाच्या तोंडाशी परततात. उन्हात चिखल मळणे, साच्याने विटा पाडणे, डोक्यावरून त्या वाहणे आणि रात्री उरलेसुरले खाणे, असा ज्या शरीराचा जमाखर्च आहे, त्या शरीराची पाळी चुकल्यास आश्चर्य कसले? राज्यातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४.२ रक्तक्षयग्रस्त असल्याचे उपर्युक्त पाहणीच सांगते. अशा स्त्रीला संप्रेरकांच्या गोळ्या देणे म्हणजे मूळ फिर्याद निकाली न काढता दप्तर बंद करणे होय. तिला प्रथम अन्न, लोह आणि विश्रांती हवी.

आता अपत्यप्राप्तीच्या दृष्टीने या सर्वांचा अर्थ काय? बारा महिने प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर वंध्यत्वाची तपासणी करावी, स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी करावी, हा सर्वसाधारण नियम आहे. पाळी उघडच अनियमित असेल तर ही मुदत संपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आशेची गोष्ट ही की बीज वेळेवर बाहेर न पडणे हे वंध्यत्वाच्या सर्व कारणांत उपचारांना सर्वाधिक साथ देणारे कारण आहे. वजन जास्त असल्यास ते शेकडा पाच ते दहा कमी झाले तरी अनेकींची पाळी परत रुळावर येते. औषधांत पूर्वी क्लोमिफीनला अग्रमान होता. २०१४ साली अमेरिकेत साडेसातशे स्त्रियांवर झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी शेकडा २७.५ आणि क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ स्त्रियांना जिवंत अपत्य झाले, आणि तेव्हापासून लेट्रोझोल पुढे आले. आपल्या सरकारने २०११ साली या कामासाठी त्यावर बंदी घातली होती, ती २०१७ साली उठविली. गोळ्यांनी भागले नाही तर इंजेक्शने आणि अखेर शरीरबाह्य फलन हा मार्ग आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी जे बालक जन्मले, त्याने हा मार्ग महापालिकेच्या रुग्णालयातही खुला होऊ शकतो हे दाखविले होते. पुढे तो मुख्यत्वे खाजगी आणि खर्चिक झाला, याची मला मनापासून खंत वाटते. कर्ज काढून त्या वाटेला लागण्यापूर्वी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झालीच पाहिजे. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दोषाचा काही वाटा पुरुषाकडे असतो, आणि स्त्रीची पाळी अनियमित आहे एवढ्यावरून तो मुक्त ठरत नाही. तसेच पाळी घड्याळासारखी नियमित असली म्हणून नलिका उघड्या आहेत, असेही सिद्ध होत नाही.

गर्भ राहिल्यावर अनियमिततेचा प्रश्न संपतो अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. प्रसूतीची तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढतात, आणि या गणितात अठ्ठावीस दिवसांचे चक्र गृहीत धरलेले असते. पंचेचाळीस दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीला गर्भ राहिला तो साधारण एकतिसाव्या दिवशी. म्हणजे कागदावर तिचे मूल प्रत्यक्षाहून सतरा दिवसांनी मोठे दिसते, सहाव्या-सातव्या महिन्यात 'वाढ कमी आहे' म्हणून घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते, आणि अखेरीस 'दिवस उलटले' म्हणून वेळेपूर्वीच कळा आणण्याची किंवा शस्त्रक्रियेची घाई होते. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून तारीख ठरविली की हा घोटाळा टळतो. म्हणून पाळी अनियमित असणाऱ्या गर्भवतीने नावनोंदणी लवकर करावी आणि आपल्या पाळीचे अंतर नर्सबाईंना आवर्जून सांगावे. आशाताईंनी ते विचारावे, ही त्याची दुसरी बाजू झाली.

जिला पाळी चुकण्याची सवयच आहे, तिला दिवस गेल्याचे उशिरा कळते, आणि या उशिराची किंमत अनेक प्रकारे मोजावी लागते. पहिल्या आठवड्यांतील फॉलिक आम्ल चुकते. नको असलेल्या गर्भाच्या बाबतीत कायद्याची मुदत जवळ येते. आणि सर्वांत भयंकर म्हणजे गर्भ नलिकेतच वाढत असेल तर त्याचा थोडासा रक्तस्राव हीच उशिरा आलेली पाळी आहे असे समजून ती स्त्री घरी थांबते. चुकलेल्या पाळीनंतर अवेळी रक्त जाणे, ओटीपोटात एका बाजूस दुखणे, भोवळ येणे, खांद्यात कळ येणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आडवळणाच्या वाडीवरून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ लक्षात घेता हे वाक्य मी शक्य तितक्या आग्रहाने लिहीत आहे.

पीसीओएस असलेल्या स्त्रीस गर्भारपणातील मधुमेहाचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो, रक्तदाब वाढण्याचा आणि वेळेपूर्वी प्रसूतीचाही असतो. मधुमेहाची तपासणी सोपी आहे: पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यावयाचे, आणि दोन तासांनी रक्तातील साखर १४० किंवा त्याहून अधिक भरली तर उपचार सुरू करावयाचे, उपाशीपोटीच यावे अशीही अट शासकीय पद्धतीत नाही. प्रसूतीनंतरचा काळही फसवा असतो. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी काही महिने येत नाही, पण पहिले बीज पाळीच्या आधीच बाहेर पडते, तेव्हा 'पाळी आली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत' हा हिशेब अनेकींना महाग पडतो. सरकारी रुग्णालयांतून दिले जाणारे अंतरा हे तीन महिन्यांचे इंजेक्शन पाळी अनियमित करते किंवा थांबविते, आणि ते बंद केल्यावर गर्भ राहण्यास सात ते दहा महिने लागू शकतात; टोचण्यापूर्वी हे नीट समजावून सांगितले तर पुढचे भय आणि आरोप दोन्ही टळतील.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या गावांच्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. शेकडा ९२ स्त्रियांत काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधीतरी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या शेकडा आठ. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच मानणाऱ्या जगाला या आकड्यांनी जागे केले. स्त्रिया सोसत होत्या, सांगायला तयारही होत्या, पण विचारणारे कोणी नव्हते.

न विचारण्याचा शेवट कोठे होतो, ते तीस वर्षांनी बीड जिल्ह्याने दाखविले. ऊसतोडीला नवराबायकोचे जोडपे मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड बसतो. पाळीचे दिवस, अंगावर जाणे, पांढरे जाणे, ओटीपोटाचे दुखणे, या सर्वांना फडावर ना आडोसा, ना पाणी, ना सुटी. अशा बाईला 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' असे सांगण्यात आले की ती शस्त्रक्रियेस तयार होई, आणि त्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घेई. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशी-पस्तिशीच्या स्त्रिया होत्या. बीजकोशही काढले गेले असतील तर पाळीबरोबर हाडांचे बळ आणि हृदयाचे संरक्षणही अकाली जाते, आणि ऊस तोडणाऱ्या बाईजवळ तर या शरीरावाचून दुसरे भांडवलच नसते.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आदल्या वर्षी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अंमलात आणावीत, असा आदेश दिला. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या असाव्यात, ही त्यातील मुख्य तरतूद. रक्तक्षय, थायरॉइड आणि रक्तशर्करा यांच्या तपासण्या, सोनोग्राफी, पंचेचाळिशीच्या पुढे गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणे, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, गर्भाशयात बसविता येणारे संप्रेरकयुक्त साधन, हे सर्व शस्त्रक्रियेच्या आधीचे उपाय आहेत, आणि त्यांतील पहिले चार तर पेण-रोह्यासारख्या तालुक्याच्या गावीही होतात. समितीपुढे येणाऱ्या प्रत्येक प्रकरणाच्या कागदात त्या स्त्रीच्या मागील सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, तिचे हिमोग्लोबिन, तिला मूल हवे आहे काय या प्रश्नाचे तिनेच दिलेले उत्तर, आणि आधी कोणता औषधोपचार किती मुदत दिला याचा तपशील सक्तीने नोंदविला जावा, अशी माझी सूचना आहे. आणि हीच नोंद वीटभट्टीवर जाणाऱ्या बाईच्या कार्डावर ती निघण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, तिच्या वाडीवरच करून घ्यावी.